थांबाअण्णांच्या खिशातला फ्यूज

अण्णा कुणाच्याही दारात आले की पहिला शब्द म्हणायचे, "थांबा." नमस्कार नाही, कसं काय नाही, चपला काढायच्या आधी थांबा. कारण तोवर घरातल्या कुणाचा तरी हात बटणाकडे गेलेला असायचा, कुणी तरी नळ सोडून बघत असायचं, कुणी "चला दाखवते" म्हणत गच्चीच्या जिन्याकडे निघालेलं असायचं. अण्णांचा उजवा पंजा वर जायचा आणि सगळं घर जागच्या जागी थांबायचं. कानडी घरांत तेच "ताळ्री". म्हणून मराठी घरांत ते थांबाअण्णा आणि कानडी घरांत ताळ्रीअण्णा. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर, ते गेल्यानंतर.

अण्णा हीट पंपाचे मेस्त्री. हे यंत्र ज्यांच्या गच्चीवर आहे त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांना अण्णांच्याच शब्दांत सांगते. "फ्रीज बघितलाय न्हवं? फ्रीज आतली ऊब काढून भाईर टाकतोय. ह्यो भाईरच्या हवेतली ऊब काढून पाण्यात घालतोय. बास." पंखा असलेली एक पेटी, शेजारी पाण्याची टाकी, आणि दोन-अडीच तासांत टाकीभर कढत पाणी, तेही गीझरच्या मानाने थोडक्या विजेवर. दोन तास कुणाला धीर धरवत नाही, हे अण्णांचं जन्माचं दुखणं होतं.

जुन्या हुबळीत मेकॅनिक लोक अजून नव्या माणसाला सांगतात, "थांबाअण्णासारखं करू नको. सगळ्या गावाला शिकवलं आणि स्वतःच फ्यूज काढायला विसरला." सांगतात आणि हसतात. ही गोष्ट खोटी आहे. अण्णा विसरले नव्हते. मला हे पक्कं ठाऊक आहे आणि तीन वर्षं मी तोंड शिवून बसले आहे. त्यांचा उजवा हात माझ्यामुळे गेला, आणि हातापेक्षा मोठं म्हणजे त्यांचं नाव माझ्यामुळे गेलं. हात काही मला परत देता येणार नाही.

माझा नवरा सुधाकर तारिहाळला एका कारखान्यात होता. तिथे हेच हीट पंप बनायचे आणि अण्णा तिथले जुने मेस्त्री. सुधाकरना हाताला धरून त्यांनीच काम शिकवलं. मग एका संध्याकाळी कामावरून येताना ट्रकने स्कूटरला धक्का दिला आणि सुधाकरचं कमरेखालचं अंग गेलं. मी लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत क्लार्क. सकाळी त्यांचं सगळं आवरून नऊला बाहेर पडायचं. पाणी गॅसवर तापवायचे. एक दिवस घाईत पातेल्यातलं पाणी नीट विसणलं नाही आणि मांडीवर ओतलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. मांडीची कातडी माझ्या हाताला निघून आली तेव्हा मी किंचाळले, तर कागदातून डोकं काढून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" ज्याचं अंग भाजतंय त्याला कळत नाही आणि भाजणारी मी. त्या दिवसापासून मला गरम पाण्याची जी भीती बसली ती अजून गेलेली नाही.

कारखान्याच्या मालकाला कुणी तरी हे सांगितलं. टाकीला पोचा आल्यामुळे विकता न येणारं एक मशीन त्याने पाठवून दिलं, आणि बसवायला अण्णा आले. आमच्या गच्चीवर चढून त्यांनी अर्धा दिवस नुसती जागा बघितली. मी म्हटलं, "अण्णा, कोपऱ्यात ठेवा की, वर पत्रा घालू, पावसात भिजायचं नाही." त्यांनी पंजा वर केला. "थांबा. अक्का, तुमाला कोपऱ्यात बसवून तोंडावर पोतं टाकलं तर चालंल काय?" पेटीच्या चारी बाजूंना दोन हात मोकळी जागा हवी, पंख्याच्या तोंडासमोर तर काहीच नको, यावर त्यांचा जीव. केशवापूर भागातल्या एका बाईंनी पंख्यासमोर ब्याडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या. फुकटचा वारा आहे म्हणून! पेटीने तो सगळा खकाणा ओढला आणि तीन मजले शिंकले. अण्णांनी दात घासायच्या ब्रशाने त्या पात्या दिवसभर साफ केल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि जाताना बाईंना एवढंच म्हणाले, "मिरची झकास हाय."

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "टाकीत साठ, अंगावर अडतीस." टाकीतलं पाणी साठ अंशांच्या आसपास तापलंच पाहिजे, वीज वाचवायला म्हणून चाळिसावर ठेवलं तर साठलेल्या पाण्यात जंतू धरतात, आणि अंगावर घ्यायचं पाणी मात्र अडतीसच्या वर जाता कामा नये. त्यासाठी गरम आणि गार आपोआप मिसळणारा एक व्हॉल्व्ह त्यांनी आमच्या न्हाणीच्या नळाला बसवला. बसवला आणि मला लगेच हात लावू दिला नाही. आधी थर्मामीटर धरला, मग स्वतःचं कोपर धरलं, मग माझं कोपर धरायला लावलं. "हातावर इसवास ठेवू नका अक्का, स्वैपाक करणाऱ्या बाईचा हात मेलेला असतोय. कोपर खरं बोलतंय." त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा मी सुधाकरना न भिता आंघोळ घातली. अण्णा दाराबाहेर पाठ करून उभे होते. आतून सुधाकर म्हणाले, "मेस्त्री, पाणी पास." आणि बाहेरून अण्णांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी त्या माणसाला त्या दिवशी देव म्हणाले असते, पण आमच्या घरात देव म्हणायची पद्धत नाही.

धारवाडला एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळायचं, म्हणून त्यांनी तो लांबी भरून बंद केला आणि अभिमानाने अण्णांना दाखवला. अण्णांनी समोरचा चहा खाली ठेवला. "सर, घरातली सगळी माणसं घेऊन खाली अंगणात थांबा." मशीन बंद केलं, टाकी निवेपर्यंत कुणाला वर येऊ दिलं नाही, मग तो व्हॉल्व्ह बदलला. प्राध्यापक चिडले, गळतीवर इलाज करायचा सोडून तमाशा करता म्हणाले. अण्णा म्हणाले, "गळत हुतं म्हणून तुमी वाचला सर. आत दाब वाढला की त्येला वाट पाहिजे. वाट बुजवली की टाकी स्वतःची वाट करून घेतिया." हे ते मला सांगत होते तेव्हा मी हसले होते. दाब वाढला की माणूसही कुठून तरी वाट करून घेतो, हे तेव्हा मला सुचलं नव्हतं.

खंडेनवमीच्या आधी आठ दिवस अण्णा फोनला चिकटलेले. आपल्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा. लोक हीट पंपाला पाइप लावून धुवायचे, आत बाहेर, मेन चालू असताना. मग हळदकुंकू, मग पंख्याच्या जाळीला झेंडूचा हार. हार आत ओढला जायचा आणि पंखा मोडायचा. अण्णा एकेकाला सांगायचे, "मेन बंद करा. पाच मिंटं थांबा. ओल्या फडक्यानं नको, कोरड्यानं पुसा. हार शेजारच्या भिंतीला घाला, मशीनला पोचतोय नमस्कार." दसऱ्याला मात्र ते आमच्याकडे यायचे. आमचा तो धम्मचक्राचा दिवस, पांढरे कपडे, वंदना आणि खीर. सुधाकरच्या पलंगाजवळ पाटावर बसून दोन वाट्या खीर खाऊन म्हणायचे, "तुमचं बरं हाय बघा. मशीनला हळद न्हाई, कुक्कू न्हाई, हार न्हाई. असली चार घरं असती तर माझं अर्धं काम कमी हुतं."

आणि आता फ्यूज. काम सुरू करण्याआधी अण्णा मीटरजवळ जायचे, मशीनचा पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसायचे, घरातल्या बाईला दाखवायचे, आणि शर्टाच्या खिशात घालून खिशाला बटण लावायचे. बाईला का, तर त्यांचं म्हणणं, "घरात कुठलं भोक कुठं हाय ते बाईमाणसालाच ठाऊक." मग दोन प्रश्न. "आत्ता कुणाला पाणी पायजे हाय काय?" आणि "मशीनला दुसरी लाईन हाय काय?" उत्तर मिळेपर्यंत ते जिना चढायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, "अण्णा, तुमच्याकडे टेस्टर आहे, कळेलच की तुम्हाला." तेव्हा ते जे बोलले ते मला रोज आठवतं. "टेस्टर आत्ताचं सांगतोय अक्का. पुढचं घरातली माणसं सांगत्यात."

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या लाईनचं व्होल्टेज पडायला लागलं. कंप्रेसर उचलायचा नाही, घुंईं करून बंद पडायचा. या यंत्राच्या टाकीत एक हीटर रॉडही असतो, अडीनडीला, पण आमच्या व्होल्टेजवर त्याचंही पाणी कोमटच. अण्णा म्हणाले, वीज खात्यात अर्ज द्या, थांबा. अर्ज दिला, तीन वेळा दिला. सुधाकरच्या पाठीला बसून बसून पडलेली जखम तोवर आत हाडाकडे चालली होती. डॉक्टर म्हणाले, रोज धुवा, कोरडी ठेवा, चादर रोज बदला. पाणी कुठून आणू? पातेलं गॅसवर ठेवायचे आणि तापायच्या आत उतरवायचे. दोनदा मी गॅस बंद करून न्हाणीत जाऊन रडले आणि त्यांना तसंच पुसून कामावर गेले. शाळेत दाखले लिहिताना माझ्या नाकात त्या जखमेचा वास असायचा. नवऱ्याचा वास यायला लागला, असं वाटून स्वतःचीच किळस यायची.

आम्ही भाड्याने राहायचो, खालचं घर घरमालकाचं. मालक बेंगळुरूला मुलाकडे, घर बंद, झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. त्या घराची लाईन वेगळ्या फेजवर, तिथे व्होल्टेज उत्तम. मी एका वायरमनला बोलावलं आणि त्या बंद घरातून एक वायर वर रॉडपर्यंत ओढून घेतली. चोरीच ती, दुसरा शब्द नाही. "दिसू नये असं कर," असंही मीच सांगितलं. त्याने जुन्या वायरीच्याच पाइपातून, त्याच रंगाची वायर, त्याच भोकातून आत नेली. काम इतकं सफाईचं की मी स्वतः विसरावं. अण्णांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "कंप्रेसर आणि रॉड, दोघांचा मालक एकच फ्यूज. दुसरा मालक आणू नका." पण तीन आठवडे गरम पाणी मिळालं आणि जखमेच्या कडा जरा लाल दिसायला लागल्या. मला वाटलं, जिंकले.

मग एका सकाळी खालची फेज गेली. वरची लाईन मलूल, खालची मेलेली. दोन दिवस टाकी गार. सुधाकरना ताप चढला, ते मला आईच्या नावाने हाका मारायला लागले. मी अण्णांना फोन केला आणि फोनवर नुसतीच रडले. ते दहाच्या सुमारास आले, स्वतः खोकत होते, गळ्याला मफलर. "थांबा," म्हणाले. फ्यूज उपसला, मला दाखवला, खिशात घातला, बटण लावलं.

"पाणी आत्ता कुणाला पायजे?"

"नको अण्णा. तुमचं झाल्यावरच."

"दुसरी लाईन?"

त्या क्षणी मला सगळं दिसलं. हो म्हटलं तर ते आधी वायर बघणार, कापणार, मला बोलणार, आणि वायर गेली की पुन्हा ते पातेलं, तो गॅस. मालकाला कळलं तर घर गेलं. या माणसाला पलंगासकट घेऊन मी कुठे जाणार? खालची फेज गेलेली आहे, वायरीत काही नाहीच आत्ता, असाही हिशेब मी करून टाकला. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक माझ्या चेहऱ्याची कीव आली असेल. "इल्ल?"

"इल्ल, अण्णा."

दोन्ही भाषांत मी खोटं बोलले.

ते वर गेले. टेस्टर लावला असणारच. तो पेटला नसणार, कारण त्या वेळी वायरीत खरंच काही नव्हतं. मी सुधाकरच्या कपाळावर पट्टी ठेवत खिडकीशी होते. खालच्या व्हरांड्यात मालकांनी चोराच्या भीतीने एक बल्ब कायम लावून ठेवलेला. तो पेटला. फेज आली होती. मी पट्टी टाकून जिन्याने पळाले, आणि पळताना ओरडत होते, "अण्णा, थांबा! अण्णा, थांबा!" आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी त्यांना म्हणत होते. वर पोचले तेव्हा त्यांचा उजवा हात पेटीच्या आत होता आणि अंग धनुष्यासारखं ताठ. हात लावायचा नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. कपड्यांच्या दोरीखालची कोरडी बांबूची काठी घेतली आणि त्यांच्या दंडावर जीव खाऊन मारली. ते सुटले आणि मागे पडले.

श्वास चालू होता. शेजारची बाई त्यांच्याजवळ बसली. मी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. गाडी यायला दहा-बारा मिनिटं लागली, आणि त्या दहा-बारा मिनिटांत मी काय केलं ते लिहिते, म्हणजे मला पुढे कधी स्वतःला चांगलं म्हणता येणार नाही. मी खालचं घर उघडलं, मेन पाडला, वायर उपटली, वर येऊन दुसरं टोक कापलं आणि सगळं वेटोळं करून सुधाकरच्या पलंगाखाली सरकवलं. सुधाकर तापात होते, पण डोळे उघडे होते. त्यांनी बघितलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दवाखान्यात अण्णांची तीन बोटं काढली आणि पंजा वाळल्या पानासारखा आत वळला. कारखान्यातले, बाजारातले सगळे मेकॅनिक बघायला आले. कसं झालं अण्णा? अण्णा म्हणाले, "फ्यूज काढाय इसरलो." मी दाराशीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं मी तेवढंच एक ऐकलं. आणि लोकांनी ते लगेच खरं मानलं, याचा मला अजून राग येतो. ज्याने गावाला फ्यूज काढायला शिकवलं तो विसरेल, हे एकालाही अवघड वाटू नये? पण माणसांना असली गोष्ट आवडते. महिनाभरात ती सगळ्या बाजाराच्या तोंडी झाली.

मी जुन्या हुबळीत त्यांच्या घरी गेले. गल्ली अरुंद, दारातच खुर्ची, अण्णा डाव्या हाताने बशीतला चहा पीत होते, निम्मा धोतरावर. समोरच्या दुकानातला एक मेकॅनिक जाता जाता म्हणाला, "अण्णा, फ्यूज काढलाय काय चहाचा?" अण्णाही हसले. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "अण्णा, मी आज सगळ्यांसमोर सांगते." त्यांचा तो वळलेला पंजा वर आला. "ताळ्री." मग हळू आवाजात विचारलं, "सुधाकराची जखम भरली काय?"

"नाही."

"मग थांबा. मालकाला कळलं तर घर सोडाय लावंल. त्येला घेऊन कुठं जाशीला? आधी जखम भरू दे. माझं काय, माझं नाव कुठं पळून जायलंय?"

घरी परत येताना मला हलकं वाटलं. हलकं वाटलं, हेच मला आज सर्वांत जास्त बोचतं.

जखम भरली. वीज खात्याने तोवर लाईन दुरुस्त केली होती, टाकीत साठ आणि अंगावर अडतीस मिळत होतं, आणि दहा महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टी काढली. त्या दिवशी मी जायला हवं होतं. त्या दिवशी परीक्षेचे फॉर्म होते. नंतर दिवाळी होती. मग मालक भाडेकरार नवा करणार होते, तो होऊ दे म्हटलं. मग सुधाकरची बहीण आली. सुधाकर दोनदा म्हणाले, "मेस्त्रींकडे जाऊन ये." मी म्हटलं, जाते. दसऱ्याला खीर केली, डबा भरला, आणि शेजारच्या माणसाच्या हातून पाठवून दिला. माणूस घाबरला की किती कामं निघतात! अण्णांनीच थांब म्हटलंय, असं स्वतःला सांगत राहिले. त्यांनी जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं होतं, हे सोयीने गाळत राहिले.

गेल्या महिन्यात अण्णा झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी मी गेले. त्यांच्या बायकोने, गिरिजक्कांनी, मला आत बसवलं, दार लोटलं आणि ट्रंकेतून एक रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. रुमालात पांढरा फ्यूज होता. एका कडेला आमच्या मीटरच्या पेटीतला हिरवा रंग लागलेला.

"दवाखान्यात शर्ट माझ्याकडं दिला," त्या म्हणाल्या. "खिशाला बटण लावलेलं. उघडलं तर हे. मला तवाच सगळं कळलं. मी ह्यांना म्हटलं, चला, हे घेऊन बाजारात जाऊ, दाखवू सगळ्यांना. हे म्हणाले, थांब. त्या बाई स्वतः येतील."

मी विचारलं, "कधी तरी रागावले का माझ्यावर?"

"राग न्हाई. रोज सकाळी खुर्ची दारात घ्यायचे. दार सोडून बसायचे न्हाईत. मी म्हणायची, उन्हात कशाला, आत या. हे म्हणायचे, थांब जरा, एक माणूस यायचं हाय." गिरिजक्कांनी डोळे पुसले नाहीत, मीच पुसले. "जखम भरल्याचं कळलं, तवापास्नं दोन वर्सं थांबले बघा, अक्का."

मी उठले. फ्यूज रुमालासकट मुठीत धरला आणि समोरच्या दुकानात गेले, चहाच्या फ्यूजची थट्टा करणाऱ्याच्या. चार-पाच मेकॅनिक होते, सकाळची वेळ, हत्यारं काढत होते. "काय पाहिजे बाई?" एकाने विचारलं. मी रुमाल उघडून फ्यूज त्यांच्या फळीवर ठेवला. या वेळी मी थांबले नाही.

"हा थांबाअण्णांच्या खिशात होता," मी म्हटलं. "त्यांनी काढला होता. दुसरी लाईन आहे का, म्हणून मला दोनदा विचारलंही होतं. मी नाही म्हणाले."